भीड चेपायची, तर गावातच

वर्गात हजेरी चालू आहे. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. एकेचाळीस नंबरच्या मुलाच्या छातीत केव्हाच धडधड सुरू झाली आहे. तळहात ओले, घसा कोरडा. 'हजर सर' हे दोन शब्द तो मनातल्या मनात घोकतो आहे. आवाज चिरकला तर? मागच्या बाकावरची पोरे हसली तर? त्याचा नंबर येतो, शब्द कसेबसे बाहेर पडतात, कोणी वळूनही पाहत नाही. त्याला मात्र घाम फुटलेला असतो. पुढचा अर्धा तास फळ्यावर काय चालले आहे याचा त्याला पत्ता नसतो, कारण आपला आवाज कसा आला असेल याचाच हिशेब डोक्यात चालू असतो. काही दिवसांनी तो पहिल्या तासाला यायचेच सोडतो.

असा मुलगा किंवा अशी मुलगी मराठवाड्यातल्या परतूरच्या कोणत्याही शाळा-कॉलेजात सापडेल. आष्टीला सापडेल, सातोन्याला सापडेल, वाटूर फाट्यावर एसटीची वाट पाहणाऱ्या घोळक्यात थोडे बाजूला उभे असलेले सापडेल. घरचे त्याला बुजरा म्हणतात, मुखदुर्बळ म्हणतात. मुलगी असेल तर तिचे कौतुकच होते: शांत आहे, वर मान करून बोलत नाही, वळणाची आहे. तिला पाहायला पाहुणे येतात तेव्हा तिच्या हातातला ट्रे थरथरतो, आणि ती थरथरसुद्धा संस्कारात जमा होते. ती आतून किती सोसते आहे, हे विचारायचे कोणाच्या मनातही येत नाही.

लाजाळू असणे हा आजार नाही. अनेक माणसे लाजाळू असतात आणि सुखाने जगतात. पण चारचौघांत आपले हसे होईल ही भीती जेव्हा शिक्षण अडवते, नोकरीच्या मुलाखतीला जाऊ देत नाही, सातबाऱ्याबद्दल तलाठ्याला विचारायलाही धाकट्या भावाला पाठवायला लावते आणि हे महिनोन्‌महिने चालते, तेव्हा त्याला मानसोपचारात नाव आहे: सामाजिक चिंताविकार, म्हणजेच सोशल अँग्झायटी डिसऑर्डर. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 1980 मध्ये आपल्या निदानसूचीत तो सोशल फोबिया या नावाने स्वतंत्रपणे नोंदवला. बहुतेकांमध्ये त्याची सुरुवात आठवी-नववीच्या वयात होते. नेमक्या त्याच वयात घरचे म्हणतात, 'मोठा झाला की होईल नीट.' पुष्कळांचे नीट होत नाही. वर्षे जातात, आणि टाळण्याची सवय हाच त्यांचा स्वभाव मानला जातो.

यावर उपचार आहे. तो बऱ्याचदा गोळीशिवाय होतो, त्याचा परिणाम मेंदूच्या छायाचित्रांत दिसला आहे, आणि त्याच्या शास्त्रातूनच एक गोष्ट निघते जी आरोग्य खात्याने कान देऊन ऐकायला हवी: हा उपचार रुग्ण जिथे राहतो तिथेच व्हायला हवा. परतूरच्या मुलाची भीड परतूरमध्येच चेपायला हवी.

आधी मेंदूत काय होते ते पाहू. दोन्ही कानशिलांच्या आत खोलवर बदामाच्या आकाराचा एकेक छोटा भाग असतो, त्याला अमिग्डाला म्हणतात. समोर धोका आहे का, याची पहिली दखल घेणाऱ्या यंत्रणेचा तो मोठा भाग. विचार पूर्ण व्हायच्या आत तो शरीराला कामाला लावतो: हृदय जोरात, श्वास भराभर, हातपाय तयार. पायाखाली साप आला तर याच घाईमुळे जीव वाचतो. सामाजिक चिंताविकारात हीच घाई माणसांच्या चेहऱ्यांसाठी होते. अमित एटकिन आणि टॉर वेगर यांनी 2007 मध्ये अनेक मेंदूप्रतिमा-अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा या विकारात अमिग्डाला आणि इन्सुला हे दोन भाग जास्त सक्रिय असल्याचे दिसले. इन्सुलाकडे शरीराच्या आतल्या खबरा येतात. म्हणूनच असा माणूस समोरच्याचे बोलणे ऐकण्यापेक्षा स्वतःचे ठोके आणि स्वतःचा तापलेला चेहराच जास्त अनुभवत असतो.

यात जन्मजात वाटा असतो. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी लहान मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला. त्यांच्यासोबत काम करणाऱ्या कार्ल श्वार्ट्झ यांनी 2003 मध्ये 22 तरुणांचे मेंदू तपासले. दोन वर्षांची असताना जी मुले अनोळखी माणूस दिसताच आकसून घेत, त्यांचा अमिग्डाला वीस वर्षांनंतरही अनोळखी चेहऱ्यांना जास्त प्रतिसाद देत होता. तेव्हा 'मुद्दाम करतो', 'लाड जास्त झालेत' असे म्हणणाऱ्या काका-मामांनी एवढे तरी लक्षात घ्यावे की काही मुले या जगात थोडा संवेदनशील मेंदू घेऊनच येतात.

पण जन्मच सगळे ठरवत नाही. पुढचे काम टाळाटाळ करते. मुलगा तासाला जात नाही, धडधड थांबते, बरे वाटते. त्या बरे वाटण्यातून मेंदू धडा घेतो: तिथे खरोखरच धोका होता आणि पळालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती अधिक लवकर येते. टाळणे नेहमी दिसण्यासारखे असते असेही नाही. माणूस लग्नाला जातो, पण पूर्ण वेळ मोबाइलमध्ये डोके घालून बसतो. बोलतो, पण प्रत्येक वाक्य आधी मनात घासूनपुसून घेतो. पेला थरथरू नये म्हणून घट्ट आवळून धरतो, आणि त्यामुळे तो आणखी थरथरतो. या बचावाच्या युक्त्या किती घातक असतात, हे ब्रिटनचे डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी 1995 मध्ये मांडलेल्या सिद्धांतात दाखवून दिले. माणूस प्रसंगातून सुखरूप बाहेर पडतो, पण श्रेय युक्तीला देतो. 'काही झाले नसतेच' हे शिकायची संधी हातची जाते.

लोक आपल्याकडे किती पाहतात, याचा अंदाज तर सगळ्यांचाच चुकतो. कॉर्नेल विद्यापीठातल्या थॉमस गिलोविच यांनी 2000 मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग पाहा. विद्यार्थ्याला अंगावर मिरवायला लाज वाटेल असे चित्र असलेला टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवले. किती जणांच्या लक्षात आले असेल, असे विचारल्यावर विद्यार्थ्यांचा अंदाज जवळजवळ निम्म्यांचा होता. प्रत्यक्षात ते चित्र साधारण पाव लोकांनीच टिपले होते. हे धडधाकट विद्यार्थ्यांचे झाले. हजेरीची धास्ती घेतलेल्या मुलाच्या मनात तर सगळा वर्ग फक्त त्याच्याकडेच पाहत असतो.

वर्तनाधारित उपचार नेमका इथे हात घालतो. समुपदेशक आणि तो मुलगा मिळून भीतीच्या पायऱ्या लिहितात. परतूरमध्ये त्या अशा असू शकतील: दुकानात जाऊन भाव विचारायचा आणि काही न घेता परत यायचे. रेल्वे स्टेशनच्या खिडकीवर मराठवाडा एक्स्प्रेस किती वाजता आहे ते विचारायचे, आणि उत्तर मिळाल्यावर मुद्दाम पुन्हा एकदा विचारायचे. आठवडी बाजारात चार बायकांसमोर मोठ्या आवाजात घासाघीस करायची. बँकेत 'हा फॉर्म मला समजला नाही, सांगता का' असे म्हणायचे. वर्गात एक शंका विचारायची. मग परिपाठाला बातम्या वाचायच्या. आणि कधीतरी, बरेच पुढे, ग्रामसभेत उठून पाणीपुरवठ्याबद्दल दोन वाक्ये बोलायची.

प्रत्येक पायरीच्या आधी वहीत लिहायचे: काय होईल असे वाटते? 'दुकानदार ओरडेल, लोक हसतील, माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही.' परत आल्यावर समोर लिहायचे: काय झाले? 'दुकानदाराने भाव सांगितला आणि दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळला.' सगळी ताकद या दोन ओळींमधल्या अंतरात आहे. पूर्वी समज असा होता की भीती उतरेपर्यंत माणसाने तिथेच उभे राहायचे. अमेरिकेतल्या संशोधक मिशेल क्रॅस्क यांच्या कामाने हा भर बदलला. भीती त्या वेळी उतरलीच पाहिजे असे नाही. जे अघटित घडेल असे वाटत होते ते घडले नाही, हे मेंदूला ठळकपणे जाणवले पाहिजे. म्हणून उपचारात मुद्दाम चूक करायलाही सांगतात: बोलताना अडखळा, नाणी खाली पाडा, चुकीचे नाव घ्या. आणि लक्ष स्वतःच्या धडधडीवरून काढून समोरच्या माणसावर न्या. तो काय म्हणतो आहे, त्याच्या शर्टाचा रंग कोणता आहे, तो खरेच हसतो आहे का?

आता मेंदूकडे परत. स्वीडनमधल्या तोमास फुरमार्क आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये सामाजिक भीतीच्या 18 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णांना प्रेक्षकांसमोर भाषण करायला लावून त्याच वेळी पेट स्कॅनने मेंदूतला रक्तप्रवाह मोजला. नंतर काहींना सिटॅलोप्रॅम ही गोळी दिली, काहींना गटाने वर्तनोपचार दिला, काहींना थांबवून ठेवले. नऊ आठवड्यांनी पुन्हा तेच भाषण आणि तोच स्कॅन. ज्यांना गुण आला, त्यांच्या अमिग्डालात, हिप्पोकॅम्पसमध्ये आणि आसपासच्या भागांत रक्तप्रवाह कमी झाला होता, मग त्यांनी गोळी घेतलेली असो की उपचारगटात बसलेले असोत. वर्षभरानंतर कोण बरे राहिले हे पाहिले, तेव्हा त्याचाही अमिग्डालातल्या या घटीशी संबंध दिसला. एक माणूस दुसऱ्या माणसाशी बोलतो, काही धाडसी गृहपाठ देतो, आणि कवटीच्या आत औषधासारखाच बदल होतो. या निष्कर्षाला वीस वर्षे उलटून गेली, तरी आपल्याकडे अजूनही 'नुसते बोलून काय होते' हे वाक्य ऐकू येते.

स्वीडनमधलाच दुसरा अभ्यास परतूरच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. क्रिस्टोफर मॉन्सन आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये सामाजिक चिंताविकाराच्या 26 रुग्णांवरचे निष्कर्ष मांडले. त्यांच्यापैकी निम्म्यांना नऊ आठवडे हा उपचार इंटरनेटवरून दिला होता: वाचायचे पाठ, करायचे गृहपाठ आणि समुपदेशकाशी लेखी देवाणघेवाण. उपचारानंतर त्यांच्या अमिग्डालाचा प्रतिसाद तर कमी झालाच, पण त्याचे आकारमानही थोडे घटले होते. ते जितके घटले, तितकी भाषणाआधीची धास्तीही कमी झाली होती. प्रौढ माणसाच्या मेंदूची घडण काही आठवड्यांच्या सरावाने बदलू शकते, याचा हा पुरावा. आणि त्यासाठी समुपदेशक समोरच्या खुर्चीत बसलेला नव्हता.

मेंदूच्या पुढच्या भागाचीही यात भूमिका आहे. फिलिप गोल्डिन आणि जेम्स ग्रॉस यांच्या गटाने 2013 मध्ये दाखवले की उपचारानंतर रुग्ण स्वतःबद्दलच्या कडवट समजुतींकडे नव्याने पाहत असताना त्यांच्या प्रीफ्रंटल भागातला प्रतिसाद वाढतो आणि लवकर सुरू होतो. 'मी बावळट आहे' हा विचार येतोच. पण त्याला उत्तर देणारा आवाज आता वेळेवर पोहोचतो.

या चित्रांनी भारावून जाण्याचे मात्र कारण नाही. 18 माणसे, 26 माणसे, असे हे छोटे अभ्यास आहेत. मेंदूच्या पुढच्या भागाबद्दल सगळ्या अभ्यासांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. कोणा एका मुलाचा स्कॅन काढून त्याला हा विकार आहे की नाही, हे आज कोणीही सांगू शकत नाही, आणि तसे सांगून पैसे घेणाऱ्यापासून लोकांनी दूर राहावे. उपचाराच्या बाजूचा भक्कम पुरावा मोठ्या चाचण्यांतून येतो. 2014 मध्ये लॅन्सेट सायकिॲट्री या नियतकालिकाने 101 चाचण्या आणि तेरा हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र तपासलेला अभ्यास छापला. त्यात मानसोपचारांमध्ये व्यक्तिगत सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तन या दोन्हींवर काम करणारा उपचार, सर्वांत प्रभावी ठरला. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने त्याच्या आदल्या वर्षीच प्रौढांसाठी हाच उपचार पहिला म्हणून सुचवला होता. सगळ्यांनाच गुण येतो असे नाही. काहींना गोळी लागते, काहींना दोन्ही.

आता त्या मुद्द्याकडे, ज्यासाठी परतूरचे नाव सुरुवातीला घेतले. उपचाराने जुनी भीती पुसली जात नाही. पावलॉव्हने कुत्र्यांवरच्या प्रयोगांतच पाहिले होते की विझलेला प्रतिसाद काही काळाने आपोआप डोके वर काढतो. मोहम्मद मिलाद आणि ग्रेगरी क्वर्क यांनी 2002 मध्ये उंदरांच्या मेंदूत दाखवले की भीती विझवल्यानंतर पुढच्या भागातल्या काही पेशी 'आता धोका नाही' ही नवी आठवण धरून ठेवतात. म्हणजे जुनी आठवण राहते, तिच्या शेजारी नवी तयार होते. गावाकडे डांबरी रस्ता झाला तरी जुनी पांदण शेतांच्या मधून तशीच पडून असते, तसे हे आहे. पावसापाण्यात, घाईत पाऊल पुन्हा तिकडे वळू शकते.

आणि ही नवी आठवण जागेला बांधलेली असते. मार्क बूटन या संशोधकाने वर्षानुवर्षे प्रयोग करून दाखवले की एका ठिकाणी विझलेली भीती दुसऱ्या ठिकाणी पुन्हा जागी होते. 'धोका नाही' हे शिकणे जिथे झाले, तिथेच ते सर्वांत पक्के असते.

याचे उदाहरण मुंबईच्या इतिहासात आहे. मोहनदास गांधी 1891 मध्ये बॅरिस्टर होऊन परतले आणि काही काळ मुंबईत वकिली करू लागले. स्मॉल कॉजेस कोर्टातल्या पहिल्याच खटल्यात साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायला उभे राहिले, तर डोके गरगरले, एक प्रश्न सुचेना. ते खाली बसले आणि फी परत केली. पुढे 1893 मध्ये प्रिटोरियात त्यांनी तिथल्या भारतीयांसमोर पहिले जाहीर भाषण केले, 1894 मध्ये नाताळ इंडियन काँग्रेस उभी केली, सभा घेतल्या. माणूस बोलता झाला होता. 1896 च्या सप्टेंबरात ते पुन्हा मुंबईत आले. फिरोजशहा मेहतांच्या उपस्थितीत जाहीर सभा होती, भाषण लिहून आणले होते. वाचायला उभे राहिले आणि आवाज थरथरू लागला. मेहता मोठ्याने वाचायला सांगत होते, तसतसा आवाज आणखी खाली जात होता. शेवटी दिनशा वाच्छांनी ते भाषण वाचून दाखवले. हा सगळा प्रसंग गांधीजींनी आत्मकथेत मोकळेपणाने लिहिला आहे. त्यांना कोणता विकार होता असे आज म्हणणे योग्य नाही. पण प्रिटोरियात सुटलेली जीभ मुंबईच्या सभागृहात पुन्हा अडखळली, हे बूटन यांच्या निष्कर्षाशी किती जुळते!

म्हणून परतूरच्या मुलाला छत्रपती संभाजीनगरच्या दवाखान्यात नेऊन, तिथल्या शांत खोलीत चार वेळा बोलते केले, तरी परतूरचा वर्ग, परतूरचा बाजार, घरासमोरच्या ओट्यावर बसलेली मंडळी या जागा त्याच्या मेंदूसाठी जुन्याच राहतात. सराव तिथे व्हायला हवा. शिवाय रेल्वेचे भाडे, बापाचा बुडालेला रोज, आणि 'वेड्यांच्या डॉक्टरकडे नेले' ही कुजबुज हे सगळे वेगळेच.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. 'भीती घालवायची तर ढकला स्टेजवर' हा आपल्याकडचा जुना उपाय. 15 ऑगस्ट जवळ आला की गुरुजी सर्वांत बुजऱ्या पोराला भाषणाला उभे करतात. हेतू चांगला असतो. पोरगा रात्रभर भाषण पाठ करतो, 'आदरणीय व्यासपीठ' म्हणतो, तिसऱ्या वाक्याला अडकतो आणि भीती शिगेला असतानाच खाली पळतो. मेंदूने काय शिकावे? पळालो म्हणून सुटलो, आणि सगळे हसले. जो अडकत नाही, तोही बऱ्याचदा पाठांतराच्या आडोशाने निभावतो, आणि पाठांतर नसेल तिथे पूर्वीइतकाच घाबरतो. उपचारातली पायरी मुलाच्या संमतीने ठरते, ती झेपेल इतकी असते, तिची तयारी होते आणि नंतर कोणीतरी शेजारी बसून काय झाले ते विचारते. ढकलण्यात यातले काहीच नसते. वर्गात हशा पिकला तर तो थांबवणे हेही शिक्षकाचेच काम आहे.

सगळ्याच भीती खोट्या नसतात, हेही स्पष्ट म्हणायला हवे. आडनाव विचारून तोंड वाकडे करणारे लोक आहेत. मराठवाड्यातल्या पोराच्या 'हाव की' ला पुण्यात हसणारे वर्गमित्र आहेत. बसस्टँडवर मुलींना त्रास देणारी टोळकी आहेत. अशा ठिकाणी 'तुझ्या मनाचे खेळ आहेत' असे सांगणारा समुपदेशक अन्याय करतो. खरा अपमान कुठे होतो आणि मन तो कुठे गृहीत धरते, हे वेगळे करणे हाच उपचाराचा पहिला भाग असला पाहिजे. त्यासाठी समुपदेशकाला गाव माहीत असावे लागते.

स्वतःला प्रसंगांपुढे उभे करण्याची ही कल्पना मराठी वाचकाला अगदी नवी नाही. विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचे जनक अल्बर्ट एलिस एकोणीस वर्षांचे असताना मुलींशी बोलायला अतिशय घाबरत. त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात रोज जाऊन बाकावर बसलेल्या अनोळखी स्त्रियांशी बोलायचे ठरवले. महिनाभरात शंभर जणींशी बोलले. भेटायला येते म्हणणारी एकच निघाली, आणि तीही आली नाही. पण कोणी पोलीस बोलावले नाहीत, कोणी मारले नाही, आणि भीती गेली. याच एलिस यांच्याशी मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी अनेक दशके पत्रव्यवहार केला आणि ही पद्धत मराठीत रुजवली. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये ठाण्यात स्थापन केलेल्या आयपीएच या संस्थेने ती शिबिरांतून, पुस्तकांतून पुढे नेली. मुंबई-ठाणे-पुण्यात हे ज्ञान रुजले. परतूरच्या दुधना काठापर्यंत ते पोचलेले नाही.

राज्याची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीत आहेत. त्यातले एकही मराठवाड्यात नाही. निमहान्स या संस्थेने 2015-16 मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले, तेही बारा राज्यांपुरते, आणि त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. ज्या राज्यांत ते झाले तिथे वेगवेगळ्या मानसिक विकारांत 70 ते 92 टक्के रुग्ण उपचाराबाहेर असल्याचे आढळले. मराठवाड्यातल्या तालुक्याचे चित्र यापेक्षा बरे असेल असे मानायला काही आधार नाही.

'मानसोपचारतज्ज्ञच नाहीत तर काय करणार?' हा प्रश्न येतोच. त्याचे उत्तर आपल्या शेजारीच मिळालेले आहे. गोव्यात विक्रम पटेल आणि 'संगाथ' या संस्थेने 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या 495 रुग्णांवर चाचणी घेतली. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत वर्तनावर आधारित उपचार दिला. 2017 मध्ये लॅन्सेटने छापलेल्या निकालानुसार तीन महिन्यांनी उपचार घेतलेल्यांपैकी 64 टक्के नैराश्यातून बाहेर आले होते; नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होते. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी 'विश्राम' हा उपक्रम चालवला. तिथे नैराश्य असलेल्यांपैकी आरोग्यसेवेपर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. नाशिकच्या पेठ तालुक्यात 'आत्मीयता' प्रकल्पाने गावातलीच माणसे शिकवून तयार केली. हे तिन्ही उपक्रम सामाजिक चिंतेसाठी नव्हते, ते नैराश्य आणि एकूण मानसिक त्रासासाठी होते. पण गावातला शिकवलेला माणूस वर्तनोपचार देऊ शकतो, एवढे त्यांनी दाखवून दिले आहे. सामाजिक चिंतेसाठी ते पुढे न्यायला आता कशाची वाट पाहायची?

पायाभूत सोय नाही असेही नाही. तालुक्याच्या ठिकाणी ग्रामीण रुग्णालय असते. किशोरवयीनांसाठी 'मैत्री क्लिनिक' आणि समुपदेशक ही योजना राज्यात कागदावर बरीच वर्षे आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात 1996 पासून आहे. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा प्रत्येक नागरिकाला सरकारी मानसिक आरोग्यसेवेचा हक्क देतो. यातल्या समुपदेशकाला 'सकारात्मक विचार करा' अशी व्याख्याने द्यायला लावण्याऐवजी पायऱ्यांचा उपचार शिकवावा, आणि तो शिकल्यावर त्याच्यावर तज्ज्ञाची फोनवरून देखरेख ठेवावी. मॉन्सन यांच्या अभ्यासातल्यासारखा मोबाइलवरचा कार्यक्रम मराठीत तयार करावा. त्यातली उदाहरणे लिफ्टमध्ये अनोळखी माणसाशी बोलण्याची नसावीत, तर एसटीत कंडक्टरला सुटे पैसे मागण्याची, पंगतीत 'मला आणखी भाजी वाढा' म्हणण्याची, सासरच्या माणसांसमोर आपले मत सांगण्याची असावीत. शाळांनी तोंडी परीक्षेत बुजऱ्या मुलाला आधी एकट्याला, मग दोघांसमोर, मग वर्गासमोर बोलण्याची मुभा द्यावी. त्याला पैसे लागत नाहीत.

आणि समुपदेशकाचे काम खोलीपुरते ठेवू नये. आठवड्यातून एक दुपार त्याने त्या मुलासोबत बाजारात, बँकेत, स्टेशनवर जावे, आणि हे फिरणे त्याच्या कामाच्या नोंदीत मोजले जावे. आज ओपीडीतल्या डोक्यांची संख्या मोजली जाते, म्हणून कोणी खुर्ची सोडत नाही.

तोवर ज्यांना गरज आहे, त्यांच्यासाठी 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेली टेलिमानस ही सरकारी सेवा आहे. क्रमांक 14416, मोफत, चोवीस तास, मराठीतही. जीव नकोसा वाटत असेल, किंवा लोकांत मिसळण्यासाठी दारूचा आधार घ्यावा लागत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला उशीर करू नये. ज्याला फोनवर बोलायचीच भीती वाटते, त्याच्यासाठी आई, बहीण किंवा मित्राने नंबर लावून द्यावा, सुरुवातीचे बोलणे करावे आणि मग फोन त्याच्या हातात द्यावा. पहिल्या वेळी तो दोनच वाक्ये बोलला तरी चालेल. पुढच्या फोनला नंबर त्याने स्वतः दाबावा.